पुढं पत्रा पाहिजे

साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा आणि दिवाळीचा पाडवा तीन आठवड्यांच्या अंतरानं येतात, आणि आमच्याकडच्या बहुतेक नव्या मोटारसायकली याच दोन दिवशी शोरूमच्या पायऱ्या उतरतात. मुहूर्त ठरले तेव्हा मोटारसायकल नव्हती, त्यामुळे शास्त्रकारांना दोष देता येत नाही. पण होतं असं, की ज्याच्या लायसन्सची शाई वाळलेली नाही अशा पोराच्या हातात कोरी करकरीत गाडी येते ती नेमकी थंडीच्या तोंडावर. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया हे चांगले उबदार दिवसांतले मुहूर्त आहेत. पण तोवर थांबेल तो तरुण कसला!

आमचे भाचेबुवा थांबले नाहीत. गणपतीत लर्निंग काढलं, मळ्यातल्या रस्त्यावर मित्राच्या गाडीवर हात साफ केला आणि दसऱ्याच्या आगेमागे पक्कं लायसन्स खिशात घातलं. परीक्षा भर दुपारी, टळटळीत उन्हात, हाफ शर्टात झाली. जमिनीवर आखलेल्या आठच्या आकड्यावरून पाय न टेकवता गाडी काढायची, उजवीकडे वळताना उजवा हात सरळ बाहेर धरायचा, डावीकडे वळताना तोच हात गोल फिरवायचा. साहेबांना हे सगळं पसंत पडलं. आठच्या आकड्यासारखं वळण नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर मला अजून लागलेलं नाही, आणि डावीकडे वळण्यासाठी उजवा हात फिरवणारा माणूस परीक्षेच्या मैदानाबाहेर कुणी पाहिला असेल तर त्यानं मला जरूर कळवावं. धुकं, दव, काकडलेली बोटं आणि दिवा नसलेली उसाची ट्रॉली हे विषय अभ्यासक्रमात नव्हते.

गाडी कुठली घ्यायची यावर घरात बरीच खडाजंगी झाली. आमच्या दाजींनी उभी हयात स्कूटरवर काढली आहे. त्यांचं म्हणणं एकच.

"स्कूटर घे. पुढं पत्रा असतो."

"पप्पा, पत्र्याचं काय करायचंय?"

"वारं लागत नाही. पाय झाकलेले राहतात. आणि मध्ये पिशवी बसते."

"पण स्कूटरवर बसलेल्याकडं बघतं कोण?"

मोटारसायकल घेण्याचं खरं कारण इतक्या प्रामाणिकपणे सांगणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही. मायलेज, ताकद, रस्त्याची पकड हे सगळं नंतर शोधलेलं असतं. मोटारसायकल ही बघितली जाण्यासाठी घ्यायची वस्तू आहे. टाकी दोन मांड्यांच्या मध्ये, इंजिन उघडं, चालवणारा उघडा, सगळं जगाला दिसलं पाहिजे. स्कूटरचा पत्रा झाकतो, आणि झाकायचंच असेल तर हप्ते कशाला भरायचे?

तेव्हा पाडव्याला मोटारसायकल आली. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढच्या चाकाखाली लिंबू. शोरूमवाल्यांनी फोटोपुरती एक पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली दिली होती. ती हातात धरून ताई, दाजी आणि भाचेबुवा उभे राहिले. दाजी त्या फोटोत किल्लीच्या मागे असे उभे आहेत, की निदान एवढा तरी आडोसा मिळाला.

पुढचे दोनतीन आठवडे आनंदात गेले. संध्याकाळी पाचच्या उन्हात भाचेबुवा वेशीपासून बसस्टँडपर्यंत जात आणि परत येत. काम काही नसे. केस उडत, शर्टात वारं भरे आणि लोक बघत. सीटवरचं प्लास्टिक काढायला मनाई होती, त्यामुळे ब्रेक लावला की चालक पुढं घसरे. ते सोडलं तर गाडी उत्तम होती.

मग डिसेंबर आला. ताईचं सासर निफाड, हे मी आतापर्यंत मुद्दाम सांगितलं नाही. निफाडची थंडी महाराष्ट्राला पेपरातून माहीत असते. कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तिथल्या तापमापकात पारा उतरला की दुसऱ्या दिवशी राज्यभर बातमी होते. गव्हाला थंडी मानवते म्हणून केंद्र तिथं आहे. माणसांना मानवते की नाही यावर संशोधन करणारं केंद्र काढायचं राहून गेलं. चहूबाजूंनी मोकळं रान, कालव्याच्या पाण्यानं भिजलेली जमीन आणि रात्री स्वच्छ आभाळ असलं की दिवसभराची ऊब पहाटेपर्यंत पार उडून जाते. त्यात भाचेबुवा नोकरीला नाशिकच्या अंबडमध्ये. पहिली पाळी सातची. म्हणजे पंचेचाळीसेक किलोमीटरसाठी साडेपाचला गाडीला किल्ली. कंपनीची बस होती, पण बसमध्ये बसलेल्याकडंही कोणी बघत नाही.

एका मुक्कामात हे प्रस्थान मला जवळून पाहता आलं, कारण मला सकाळी नाशिकला परतायचं होतं आणि भाचेबुवा म्हणाले, "मामा, माझ्याबरोबरच चला ना, बघा तरी गाडी कशी आहे."

ताई पाचपासून त्याला सजवत होती. आधी थर्मल, त्यावर शर्ट, शर्टावर छातीशी कालच्या पेपरची चौघडी. हा उपाय जुना आणि अस्सल आहे, कागदातून वारं आत येत नाही. कालच्या पेपरात पहिल्याच पानावर निफाडचा पारा घसरल्याची बातमी होती, ती आता निफाडकरानं छातीला लावली. त्यावर दाजींचा जुना स्वेटर, त्यावर जाकीट. पायात दोन मोज्यांच्या जोड्या, म्हणून बूट होईना, म्हणून दाजींचे बूट. मग कानटोपी. ती घातल्यावर हेल्मेट डोक्यात जाईना, कारण हेल्मेट घेताना उघड्या डोक्याचं माप दिलं होतं. कानटोपी की हेल्मेट यावर मायलेकांत वाद झाला आणि शेवटी टोपी गेली, हेल्मेट राहिलं. तहाच्या अटींत गळ्याला ताईचा जांभळा मफलर आला. तो भाचेबुवांना अजिबात मान्य नव्हता.

"आई, हा लेडीज आहे."

"थंडीला कळतं का लेडीज-जेन्ट्स? बांध गुपचूप."

अंगणात आला तेव्हा तो तरुण राहिला नव्हता, स्टेशनवर विसरलेलं गाठोडं झाला होता. ज्या देखणेपणासाठी बाप-लेकात महिनाभर बोलणं बंद होतं, त्यातलं एक बोटभरही बाहेर दिसत नव्हतं. सीटवर दव साचलेलं होतं. त्यानं रुमालानं प्लास्टिक पुसलं, रुमाल ओला खिशात घातला, आणि मांडीलाही थंडीचा वाटा मिळाला.

इतक्या पहाटे गाडी सुरू होताना बघायला गल्लीतली दोन वडीलधारी माणसं शाल पांघरून उभी होतीच. मोटारसायकल सुरू होताना सल्ला देणं हा आपल्याकडे वयोपरत्वे मिळणारा हक्क आहे.

"चोक ओढ रे," पहिले म्हणाले.

"आप्पा, हिला चोक नसतो."

"नसतो कसा? डाव्या हाताला बघ."

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-सहाचे नियम लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींच्या कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शननं घेतली. हवा किती, पेट्रोल किती हे आता आतला सेन्सर थंडी बघून ठरवतो. बटण दाबलं की गाडी सुरू. पण चोक गेल्यामुळे एका पिढीचं ज्ञान वाया गेलं, ते त्यांनी ठेवायचं कुठं? आप्पांनी स्वतः वाकून डाव्या बाजूला चाचपून पाहिलं. चोक मिळाला नाही, तेव्हा कंपनीनं फसवलं असा निकाल देऊन ते बाजूला झाले. दुसऱ्यांचा सल्ला त्याहून धोक्याचा होता. "पुढचा ब्रेक लावायचा नाही बरं का, माणूस उलटा पडतो." वास्तविक गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, आणि १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. ब्रेक जोरात दाबला तरी चाक जॅम होत नाही. पण पुढच्या ब्रेकची भीती आपल्याकडे सायकलच्या काळापासून वारशानं चालत आलेली आहे आणि तिला कुठलाही नियम लागू होत नाही.

आम्ही निघालो. मी मागे. मोटारसायकलवर थंडीत मागे बसण्यासारखं सुख नाही हे मला दोनशे मीटरमध्येच कळलं. पुढं जाकीट, स्वेटर, पेपर आणि भाचा एवढा आडोसा होता. दाजींना हवा असलेला पत्रा तो हाच.

दहा अंशांच्या हवेत ताशी साठच्या वेगानं गेलं, तर उघड्या कातडीला ती पाच अंशांसारखी झोंबते. म्हणजे निफाडात राहून निफाडहून थंड जागी जायचं असेल तर मोटारसायकल घ्यावी. सुदैवानं साठ गाठायची सोय नव्हती. गाडी रनिंगमध्ये होती, पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत इंजिन ताणायचं नाही असं पुस्तिकेत लिहिलेलं. टायर इतके कोरे, की रबराचे केस अजून उभे. नवा टायर गुळगुळीत असतो, शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवल्यावर त्याची पकड बसते, आणि थंड रस्त्यावर ती आणखी उशिरा बसते. पारा दहा अंशांनी उतरला की हवा एक-दीड पौंडानं कमी भरते, हे वेगळंच. नवा चालक, नवं इंजिन, नवा टायर, तिघंही एकमेकांचा अंदाज घेत चालले होते. एक दूधवाला गंजक्या गाडीला दोन्हीकडे कॅन लटकवून, कानाला फक्त उपरणं गुंडाळून, तंबाखू मळत आमच्या पुढं निघून गेला. हँडल त्यानं कशानं धरलं होतं ते मला दिसलं नाही.

समोरून येणारे लोक हाताची मूठ उघडझाप करून भाच्याला खुणा करत होते. सुरुवातीला त्याला वाटे, नव्या गाडीला सलाम करतायत. तोही हात हलवी. प्रत्यक्षात ते सांगत होते, की बाबा, तुझा दिवा चालू राहिलाय. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर पेटतो आणि तो बंद करायचं बटणच नसतं. तरी रस्त्यावरची परोपकारी माणसं अजून मूठ उघडतात, मिटतात. धुक्यातसुद्धा! पुढचं दिसत नाही अशा हवेत ज्याचा दिवा लागलेला आहे त्याला विझवायला सांगणं, याला माणुसकी म्हणायचं की आणखी काही, ठरवता येईना.

चांदोरीच्या अलीकडे गोदावरीचं धुकं रस्त्यावर आलं होतं. मोटारसायकलवरून भूगोल कळतो तो गुडघ्यांना. गावात शिरलं की दोन अंशांनी ऊब येते, गोवऱ्यांच्या धुराचा वास येतो. गाव संपून रस्ता नाल्याकडे उतरला की एकदम पाण्यात पाय घातल्यागत थंडी लागते, कारण थंड हवा जड, ती खोलगट जागी साचते. भरणं चालू असलेल्या उसाजवळून गेलं की डाव्या कानाला कळतं. मोटारीत बसणाऱ्या माणसाला हा प्रवास सगळा एकसारखा वाटत असणार.

हेल्मेटच्या काचेचं दुःख वेगळं होतं. बंद केली की श्वासानं आतून वाफ धरते, उघडली की डोळ्यांतून धारा लागतात. मध्यम मार्ग म्हणून ताईनं रात्री काचेला आतून कपड्याचा साबण चोळून पुसला होता. उपाय बरोबर होता. साबणामुळे वाफेचे थेंब न होता पातळ थर पसरतो आणि आरपार दिसतं. पण श्वास जोरात लागला की तो थर डोळ्याकडे ओघळतो, आणि मग दिसतं सगळं, पण लालसर.

अशा लालसर दृष्टीला पुढं काहीतरी काळं दिसलं. भाच्यानं ब्रेक लावला, पुढचा आणि मागचा दोन्ही, गल्लीतल्या वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडून. प्लास्टिकवरून आम्ही दोघंही टाकीकडे घसरलो. पुढं उसाची ट्रॉली होती. एक नाही, ट्रॅक्टरमागे दोन, आणि मागच्या ट्रॉलीतून वाढे रस्त्यावर लोंबत होते. दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाखाली. बरं तर बरं, ट्रॅक्टरवाल्यानं टेप मोठा लावला होता, म्हणून ट्रॉली दिसण्याआधी ऐकू आली. गळीत हंगामात ट्रॅक्टरवरची गाणी हीच रस्त्यावरची खरी सुरक्षाव्यवस्था आहे असं माझं मत झालं आहे. ज्या दिवशी एखादा ट्रॅक्टरवाला शांतताप्रिय निघेल, त्या दिवशीचा विचार करवत नाही.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा. त्यांच्यात ठिकठिकाणी शेकोट्या धुमसत होत्या. थंडी वाढली की मण्यांची फुगवण थांबते, पिकत आलेल्या मण्यांना तडे जातात, म्हणून शेतकरी पहाटे तीनला उठून बागेत धूर करतो, ठिबकनं पाणी सोडतो. भाचेबुवांनी तिकडं बघून पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मामा, आपल्याकडं द्राक्षाला शेकोटी मिळते. मला काय मिळतं, 'गाडी तूच घेतलीस ना?'"

टपरीवर थांबलो. तिथं मला नव्या मोटारसायकलस्वाराचं खरं रूप दिसलं. भाचा गाडीवरून उतरला तो थेट गाडीशेजारी उकिडवा बसला आणि हातमोजे काढून दोन्ही तळवे इंजिनाच्या पंख्यांजवळ धरले. आधी उजवीकडून, मग डावीकडून. ज्या उघड्या इंजिनाची शोरूममध्ये मित्रांनी तारीफ केली होती, ते शेवटी या कामी आलं. तेवढ्यात मफलरचं टोक सायलेन्सरला लागलं आणि लोकरीचा जळका वास सुटला. पैसे द्यायची वेळ आली तर फोन बोटाचा ठसा ओळखेना. बोट पांढरं पडलेलं, ते भाच्याचंच आहे यावर फोनचा विश्वास बसला नाही. मी सुटे दिले.

"काय भो, नवी का?" टपरीवाल्यानं विचारलं.

"ह-हो."

"ॲव्हरेज काय देते?"

"प-प-पन..."

"पन्नास?"

"पन्नासच्या आसपास," मी म्हणालो, कारण चहा गार होत होता.

कंपनीच्या गेटवर वॉचमननं त्याला अडवलं. काच वर केली, मफलर खाली ओढला, तरी ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडलं नाही. ज्याला अख्ख्या निफाडनं बघावं म्हणून गाडी घेतली, त्याला रोज बघणाऱ्या माणसानंही ओळखलं नव्हतं.

मफलरविषयी पुढं एक बदल झाला. संक्रांत जवळ आली, येवल्याच्या बाजूला आभाळ पतंगांनी भरलं, आणि नायलॉनच्या मांज्यानं गळा कापल्याच्या बातम्या सुरू झाल्या. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये बंदी घातलेला हा मांजा दरवर्षी कुठूनतरी येतोच, आणि तो सगळ्यात आधी सापडतो दुचाकीवाल्याच्या मानेला. त्या आठवड्यात भाचेबुवांनी आपणहून मफलरचे दोन वेढे घेतले आणि हँडलला तारेची कमानही बसवून आणली. जांभळ्या रंगाबद्दल तक्रार केली नाही. कमानीला पुढून प्लास्टिकचा कागद लावला तर वारंही अडेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं म्हणे. पण ते झालं असतं तर दाजींनी त्याला पत्रा म्हटलं असतं, म्हणून बेत रहित झाला.

एवढ्या अवधीत दाजी काय करत होते? पाळी बदलून दुसरी झाली की भाचेबुवा रात्री उशिरा काकडत घरी येत आणि सकाळी दहापर्यंत रजईत असत. गाडी अंगणात उन्हाला उभी. दाजी म्हणत, उभी ठेवली की बॅटरी उतरते. शिवाय सर्व्हिसिंगच्या आधी किलोमीटर पुरे व्हायला नकोत का? म्हणून अकराच्या सुमारास, कोवळं ऊन चांगलं तापल्यावर, पांढरा शर्ट घालून, गॉगल लावून ते मोटारसायकल बाहेर काढत आणि बाजार समितीपर्यंत एक चक्कर मारून येत. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून ते हळूहळू जात, म्हणजे सगळ्यांना दिसे. लोक थांबवून विचारत. कितीला पडली, ॲव्हरेज काय देते, रंग कुणी निवडला? स्कूटरनं आयुष्यभर जे दिलं नव्हतं ते सगळं त्यांना पंचावन्नाव्या वर्षी मिळत होतं.

परवा मीच त्यांना बाजारात गाठलं. आडत्याशी बोलत होते, एक पाय जमिनीवर, एक हात टाकीवर.

"दाजी, कशी काय गाडी?"

"झकास. थंडीत जरा त्रास होतो म्हणतं पोरगं," दाजी गॉगल पुसत म्हणाले. "मला तर काही जाणवलं नाही."